आहे त्याच बाईकवर खर्च करायचा की विकून मोठी घ्यायची? ठरवायच्या आधी हे करून बघा

दीडशे सीसीची गाडी आहे, चार-पाच वर्षं झालीत, हप्ते फिटलेत, आता हिलाच टायर-सीट-लाईट करून घेऊ की विकून साडेतीनशे घेऊ, असा प्रश्न ज्यांना पहिल्यांदाच पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून मी पल्सर १५० धरलीये कारण आपल्याकडे दर दुसऱ्या बिल्डिंगखाली ती उभी असते, पण तुमची युनिकॉर्न असो, एफझी असो की अपाची, पद्धत तीच.

माझं म्हणणं साधं आहे. गाडीचं नाव आणि लूक थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तुमची तक्रार नेमकी काय आहे ते शोधा. काही तक्रारी दोन हजारात मिटतात, काही दोन लाख घातल्याशिवाय मिटतच नाहीत, आणि कुठली कुठल्या प्रकारातली ते कळलं की निर्णय बऱ्यापैकी आपोआप होतो.

आधी पंधरा दिवस नुसतं लिहून ठेवा

मोबाईलमध्ये एक नोट उघडा. गाडी चालवताना जिथे वैताग आला ते घरी पोचल्यावर लगेच टाका, कुठे आणि कधी झालं त्यासकट. "गाडी बोअर झालीये" असं लिहून उपयोग नाही. "खंबाटकीत डबलसीट थर्डवर आणावी लागली", "शिरवळच्या पुढे समोरून लाईट आला की रस्ताच दिसत नाही", "तासाभरानंतर बुड दुखतं", "ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं" असं लिहा. मित्रांच्या ग्रुपमध्ये आपलीच गाडी जुनी दिसते असं वाटत असेल तर तेही लिहा, त्यात लाजायचं काही नाही, हौस हेही कारणच आहे, फक्त ते कारण आहे हे स्वतःला माहीत पाहिजे.

मग गाडी आधी मुळात जशी होती तशी करून घ्या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. पाच वर्षांची गाडी आपल्याला रोज थोडी थोडी बिघडत गेलेली कळतच नाही, आणि मग शोरूममधल्या कोऱ्या गाडीवर टेस्ट राईड मारली की ती लोण्यासारखी वाटते, पण तुलना कोऱ्या गाडीची आणि थकलेल्या गाडीची झालेली असते.

सगळ्यात आधी कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, बघा. गाडी मेन स्टँडवर लावा, एकाला मागच्या सीटवर मागे सरकून बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. आता हँडल दोन बोटांनी हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. अगदी मधे, सरळ जागेवर आल्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोन सेट गेला. मग खाली बसून फोर्कचे (पुढच्या शॉकअबचे) दोन्ही पाय धरून पुढे-मागे हलवा, टकटक जाणवली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. "गाडी ऐंशीच्या वर हलते, घाटात भरवसा वाटत नाही" म्हणून गाडी विकायला काढणारे लोक असतात आणि दोष या काहीशे रुपयांच्या बेअरिंगचा असतो.

चेनसाठी मागच्या दातेरी चक्राच्या (स्प्रॉकेटच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढून बघा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन सेट संपला, आणि बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन लवकर खातात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात घसरतं, त्यामुळे "टायर अजून चांगलेत" हे नक्षी बघून ठरवू नका.

बाकी फोर्क ऑइल, फोर्क सील, मागच्या ब्रेकचे लायनर, पुढच्या ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, क्लच प्लेट. क्लच ओळखायला सोपा: चढावर एक्सलेटर दिला की आवाज वाढतो, काटा वर जातो पण गाडी त्या मानाने पळत नाही. पिकअप गेला पिकअप गेला म्हणतात तो अर्ध्या वेळा क्लच आणि चेन असतो.

आणि एक गोष्ट इथेच मेस्त्रीला विचारून घ्या, इंजिन कसं आहे. सकाळी सुरू केल्यावर निळसर धूर येतोय का, दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल कमी होतंय का. हाफ इंजिन काम (पिस्टन-सिलिंडरचं काम) निघणार असेल तर त्याचा आकडा आधी मागा. माझा हिशोब असा की नुसती मूळ अवस्थेत आणायलाच गाडीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त लागणार असतील तर तिच्यावर ॲक्सेसरीजचा विचारच करू नका.

हे सगळं झालं की आठवडाभर चालवा आणि नोटमधल्या ज्या तक्रारी गेल्या त्या खोडा.

उरलेल्या तक्रारी दोन भागात वाटा

पहिला भाग, आहे त्या गाडीवर मिटणाऱ्या. सीट, हँडल, लाईट, टायरची ग्रिप, मागचे शॉकअब, सामान बांधायची सोय, मोबाईल चार्जिंग. थोडक्यात जिथे तुमचं शरीर गाडीला टेकतं किंवा गाडी रस्त्याला टेकते तिथल्या बहुतेक गोष्टी.

सीटसाठी ब्रँडेड काही घ्यायच्या आधी गावातला सीट बनवणारा गाठा, फोम बदलून, थोडी चपटी आणि रुंद करून तो दीड-दोन हजारात चांगलं काम करतो, फक्त गाडीवर बसून त्याला दाखवा की दुखतं कुठे. हँडल राईजर लावताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, क्लच वायर, एक्सलेटर वायर आणि ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये.

टायरबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण नवीन लोकांचा पहिला हट्ट "मागे रुंद टायर" हाच असतो. पल्सर १५० च्या साध्या मॉडेलला मागे १००/९०-१७ येतो. त्याच रिमवर १२० किंवा १३० बसवला तर कडा आत दाबल्या जातात आणि टायर मधून फुगतो, म्हणजे दिसायला जाड पण रस्त्याला टेकणारा भाग तुम्हाला वाटतो तेवढा वाढत नाही, उलट वळणावर गाडी जड होते, ॲव्हरेज पडतं आणि कधीकधी टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो. तेवढेच पैसे त्याच मापाच्या चांगल्या रबराच्या टायरवर घाला, पावसाळ्यात ताम्हिणीत जो फरक जाणवेल तो रुंदीने कधीच येणार नाही. फार तर एक माप वर, तेही रिमवर बसतंय याची खात्री करून.

लाईटचं तसंच. साध्या रिफ्लेक्टरच्या हेडलाईटमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब टाकला की उजेड विखुरतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला रस्ता काही जास्त दिसत नाही. आधी काच आणि रिफ्लेक्टर स्वच्छ आहे का, बीमची उंची बरोबर आहे का ते बघा. ज्यादा लाईट लावायचेच असतील तर वायरिंग नीट करून घ्या: बॅटरीवरून फ्युज, फ्युजवरून रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा डबा), रिलेवरून लाईट, आणि हँडलवरच्या स्विचने फक्त रिले चालू-बंद व्हायला पाहिजे. मूळ वायर सोलून त्यात जोड मारून टेप गुंडाळणारा माणूस दिसला तर गाडी तिथून घेऊन या, हे मी अगदी मनापासून सांगतोय, पावसाळ्यात रात्री घाटात बंद पडलेल्या गाड्यांमागे असा एखादा जोड हमखास सापडतो. एकूण वॅटही बघा, ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलवर असताना चार्जिंग कमीच होतं, दोन मोठे लाईट आणि मोबाईल एकदम चालले तर सेल्फ लागायचा बंद होतो.

घाटात पिकअप कमी पडतो एवढीच तक्रार असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं लावून बघा. चढाला फरक लगेच कळतो, बदल्यात हायवेला त्याच स्पीडला इंजिन जास्त ओरडतं आणि ॲव्हरेज थोडं पडतं. नाही आवडलं तर परत मूळ बसवता येतं.

दुसरा भाग, काही केलं तरी न मिटणाऱ्या. ताकद ही त्यातली पहिली. पल्सर १५० चे १४ पीएस आहेत, डबलसीट आणि सामान घेऊन नव्वदच्या पुढे तिला हायवेला दिवसभर दामटणं हे तिचं कामच नाही, आणि फिल्टर, सायलेन्सर, बोअर वाढवणं हे सगळं करून जे मिळतं ते फार थोडं असतं आणि जे जातं ते म्हणजे इंजिनाचा भरवसा. दुसरी एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तुमची त्याआधीची असेल तर बहुतेक नसणारच, आणि ते नंतर बाहेरून बसवून घ्यायची गोष्ट नाही. तुमच्या नोटमध्ये ब्रेक, ओला रस्ता, चाक सरकणं हे परत परत येत असेल आणि टायर-ब्रेक नवे करूनही येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सीटवर, लाईटवर पैसे घालू नका, एबीएसवाली गाडी बघा. तिसरं वय. १५ वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाईप आणि सील २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून बनवलेले नाहीत, तिथे लक्ष ठेवावं लागतं.

कायदा आणि विमा, हे शोरूमवाला किंवा मॉडिफायवाला सांगणार नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे तिच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. इंजिन, चासी, गाडीचा मूळ ढाचा याला हात लावणं यात येतं, आणि कलम १८२ए नुसार मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीट कव्हर, कॅरिअर, मोबाईल होल्डर अशा किरकोळ गोष्टींना कोणी अडवत नाही. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण रंग आरसीवर असतो.

सायलेन्सरचा विषय वेगळा. आवाजाच्या कलमाखाली कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द ठेवण्याची तरतूद आहे. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत. दंडाचं जाऊ द्या, आपल्या बिल्डिंगमध्ये रात्री अकराला कोणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं, त्या आवाजाने गाडी एक किलोमीटरसुद्धा जास्त पळत नाही.

मागचं मडगार्ड आणि साडी गार्ड काढून टाकायची फॅशन आहे. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची कडी या गोष्टी नियमात सक्तीच्या आहेत, आणि मडगार्ड काढल्यावर नंबर प्लेट हलवावी लागते, ती एचएसआरपीची (लॉकने बसवलेली हाय सिक्युरिटी प्लेट) असेल तर तिचं लॉक तुटतं.

विम्याला लोक सगळ्यात कमी विचारतात. ॲक्सेसरीज पॉलिसीत दाखवल्या नसतील तर चोरी-अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत, मोठा बदल न कळवता केला असेल तर क्लेमच अडकू शकतो. म्हणून दहा-बारा हजाराच्या वर काही लावलं तर बिल ठेवा आणि विमा कंपनीला मेल करून कळवा.

आता आकडे मांडा

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे आहे ती गाडी: टायर जोडी, चेन सेट, शॉकअब, सीट, लाईट, मजुरी. पल्सरसारख्या गाडीला हे सगळं नीट केलं तरी साधारण पंधरा ते वीस हजारात बसतं. यातलं विकताना परत काही येत नाही हे धरूनच चला, पुढचा माणूस "दादा, फायनल सांगा" म्हणताना तुमच्या शॉकअबचा एक रुपया जास्त देत नाही.

उजवीकडे नवी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. म्हणजे ३४९ सीसीची क्लासिक किंवा हंटर, होंडाची सीबी३५०, ३३४ सीसीची जावा या सगळ्या १८ टक्क्यांत, आणि हिमालयन ४५०, सहाशे पन्नासवाल्या, केटीएम ३९० या ४० टक्क्यांत. विम्यातही तीच रेघ आहे: थर्ड पार्टीचा वर्षाचा दर ७५ ते १५० सीसीला ७१४, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्यावर २,८०४ रुपये, आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. पहिल्यांदा वर जाणाऱ्याने ३५० च्या आतच थांबावं असं मला यासाठीही वाटतं.

समजा जुनी गाडी पंचावन्न हजाराला गेली, नवी ऑन रोड सव्वादोन लाखाला पडली. वीस हजार हातातले घातले, उरलेले दीड लाख ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ४,९०० रुपये आणि एकूण व्याज सत्तावीस हजाराच्या आसपास. म्हणजे नुसतं व्याजच आहे ती गाडी सगळी नवी करण्याच्या खर्चाहून जास्त. वर पेट्रोल: रोज चाळीस किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस, ॲव्हरेज ४५ वरून ३३ वर आलं तर महिन्याला आठशे-नऊशे रुपये जादा. हे आकडे तुमच्या गाडीचे टाकून स्वतः करा आणि घरच्यांसमोर ठेवा.

एक मधला रस्ताही आहे, दोन-तीन वर्षं वापरलेली साडेतीनशे. पहिल्या मालकाने टॅक्स भरलेला असतो, किंमत बऱ्यापैकी उतरलेली असते. फक्त आपला मेस्त्री सोबत न्या आणि मॉडिफाय केलेली गाडी टाळा.

मोठी गाडी नीट चालवून बघा

शोरूमच्या मागच्या गल्लीतली दोन किलोमीटरची चक्कर ही टेस्ट राईड नव्हे. मित्राची मिळाली तर अर्धा दिवस घ्या, किंवा भाड्याने घ्या. घरच्या माणसाला मागे बसवा, सिग्नलच्या ट्रॅफिकमधून न्या, यू-टर्न मारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन बंद करून आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधून उलटी ढकलून बाहेर काढा. पल्सर १५० साधारण १५० किलोची, क्लासिक १९५ ची. बेसमेंटच्या उतारावर हे पंचेचाळीस किलो रोज सकाळी तुमच्या अंगावर असणार आहेत.

आणखी एक, हायवे हायवे म्हणताना कुठला हायवे ते बघा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे. तुम्ही जाणार जुन्या हायवेने, घाटाने, गावांमधून. तिथे दोघं मिळून महिन्या-दीड महिन्याने जात असाल तर साडेतीनशेचा टॉर्क खरंच सुख देतो, पण वर्षातून एकदा गणपतीला कोकणात, बाकी रोज ऑफिस, असं असेल तर मोठी गाडी तुम्ही बहुतेक वेळ कात्रजच्या सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवणार आहात.

ठेवायचं ठरलं तर

क्रम चुकवू नका: टायर आणि ब्रेक, मग सस्पेन्शन, मग सीट, मग लाईट, दिसण्याचं सगळं शेवटी. एका वेळी एकच बदल, आठवडाभर चालवून मग पुढचा, नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं कळत नाही. पार्ट घ्यायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन-तीन दुकानं फिरा, ब्रेकचे पॅड आणि बेअरिंग मात्र कंपनीचेच. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट पेपरात गुंडाळून, वर नाव लिहून माळ्यावर ठेवा.

विकायचं ठरलं तर

ते मूळ पार्ट परत लावा, लावलेल्या चांगल्या गोष्टी वेगळ्या विका, दोन्ही मिळून जास्त पैसे येतात. शोरूम एक्सचेंजमध्ये थेट गिऱ्हाइकापेक्षा कमी देतं, पण कटकट वाचते, तेव्हा दोन्ही भाव काढून ठरवा.

कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. थकलेली ई-चलनं भरा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नका, आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताची जबाबदारी येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. खरेदीदाराच्या आधारची कॉपी, तारीख आणि वेळ टाकलेली डिलिव्हरी पावती घ्या आणि ऑनलाईन नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात तेवढी सूट मिळते. शोरूममध्ये विम्याचा कागद पुढे येतो तेव्हा सही करायच्या आधी हे पत्र टेबलावर ठेवा, आणि कोटेशनमध्ये ॲक्सेसरीजच्या नावाखाली काय काय जोडलंय ते ओळीओळीने वाचून नको ते तिथेच काढायला सांगा.